प्रवेश तिकडे चार दिवसांत, कागद इकडे सेहेचाळीस दिवसांत

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

आमच्या गल्लीतली एक मुलगी. बीएस्सी झालेली, वडील एसटीत वाहक. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एमएस्सीसाठी तिने रविवारी रात्री मोबाईलवरून अर्ज भरला. गुरुवारी उत्तर आलं, सशर्त ऑफर. अट एकच, तुमच्या विद्यापीठाची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट पाठवा. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा सही-शिक्क्याचा, मोहरबंद उतारा. तो मिळायला सेहेचाळीस दिवस लागले. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला चलन जुन्या नमुन्यातलं निघालं. दुसऱ्या खेपेला सही करणारे साहेब ट्रेनिंगला गेले होते. तिसऱ्या खेपेला मीही बरोबर गेलो. पत्रकार आलाय म्हटल्यावर खुर्ची मिळाली, चहा मिळाला. उतारा मात्र त्यानंतर नवव्या दिवशी.

परत येताना एसटीत मला आनंदीबाई जोशी आठवत होत्या. आपण त्यांची गोष्ट पहिली महिला डॉक्टर म्हणून सांगतो. पण 'परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज' म्हणून ती कधी वाचली आहे का?

गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला. बदली कोल्हापूरला झाली तेव्हा त्यांनी बायकोला अमेरिकेत शिकवायचं मनावर घेतलं आणि मिशनऱ्यांमार्फत पत्रव्यवहार सुरू केला. पत्र पोचलं रॉयल वाइल्डर यांच्याकडे. हे गृहस्थ कोल्हापुरात मिशन चालवून अमेरिकेला परतलेले. त्यांचं म्हणणं, आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू. जोशी नवरा-बायकोने ते मानलं नाही. पण वाइल्डरनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे ते मासिक त्यांच्या हाती पडलं आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. एका बाईचं दात दुखणं आपल्या इतिहासात केवढ्या कामी आलं बघा!

तिथून पुढे जवळजवळ तीन वर्षं नुसती पत्रं. बोटीच्या टपालाने एका पत्राचं उत्तर हाती यायला दोन-अडीच महिने सहज जात. मधल्या काळात बदल्या, आजारपणं, लोकांची टोमणेबाजी. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे आपलं नगरचं नव्हे, कलकत्त्याजवळचं, आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीत भाषण करून आपण का जातोय ते सांगितलं. एप्रिलमध्ये बोटीत बसल्या. ४ जूनला न्यूयॉर्क.

आता खरी गंमत. त्या पोचल्या तेव्हा हातात प्रवेशाचं पत्र नव्हतं! फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेला त्यांचा अर्ज आहे २८ जून १८८३ चा, म्हणजे अमेरिकेत उतरल्यानंतरचा. वय अठरा. शाळेचे दाखले म्हणावेत असे काही नाहीत. अर्जात त्यांनी एवढंच मांडलं, की जातभाईंचा आणि स्नेह्यांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने मी इथवर आले, तो निश्चय पुढेही उपयोगी पडेल. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. कॉलेजने घेतलं. त्याच वर्षी वर्ग सुरू झाले आणि ११ मार्च १८८६ ला पदवी.

म्हणजे हिशेब करा. घरातून निघायला वर्षानुवर्षं, कॉलेजच्या होकाराला काही आठवडे.

त्या कॉलेजात तेव्हा जपानच्या केइको ओकामी होत्या, सीरियाच्या सबात इस्लामबुली होत्या. तिघींचा एकत्र फोटो प्रसिद्धच आहे. तिकडे माणूस बघून दार उघडत होते.

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं. ४ जून १९१३ ला त्यांनी बडोदा संस्थानाच्या करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात हजर. सही ते न्यूयॉर्क, दोन महिनेसुद्धा नाहीत. कारण पैसे कोण देणार हे आधी ठरलं होतं. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला जाताना कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांची शिफारस कामी आली. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, बडोद्याचं बोलावणं आलं आणि अर्धा अभ्यास टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने काय केलं? चार वर्षांच्या आत परत या, जागा आहे, अशी मुभा दिली. विद्यापीठ थांबायला तयार होतं, पैसा नव्हता. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं, तेव्हा कुठे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. १९२३ मध्ये डीएस्सी.

असं सगळं बघून कुणी म्हणेल, तेव्हा तिकडे सगळं सोपंच होतं. तसंही नाही. इंग्रज सरकारला लंडनमधल्या हिंदी पोरांचं राजकारण खुपायला लागलं. १९०७ मध्ये ली-वॉर्नर समिती नेमली आणि तिचा अहवाल इतका खाजगी ठेवला, की तो छापला गेला थेट १९२२ मध्ये, लिटन समितीच्या अहवालाला जोडून. मधल्या काळात, १९०९ मध्ये, इंडिया ऑफिसने हिंदी विद्यार्थ्यांसाठी लंडनमध्ये खास कचेरी उघडली, हिंदुस्थानात प्रांतोप्रांती सल्लागार समित्या बसवल्या. नाव मदतीचं. पण पोरांना पक्कं माहीत होतं की ही चौकशी आहे. चांगल्या घरचा आहे, चळवळ्या नाही, अशी कुणीतरी हमी द्यायची. इथून अर्जाला दुसरी फाईल जोडली गेली. पहिली अभ्यासाची, दुसरी संशयाची. ही दुसरी फाईल नावं बदलत आजपर्यंत चालू आहे.

स्वातंत्र्यानंतर डॉलरची टंचाई आली, परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी आली. १९६४ पासून टोफेल आली, इंग्रजी येतं हे परीक्षा देऊन सिद्ध करा. ब्रिटनने मात्र १९६१ मध्ये एक शहाणपणा केला. पदवीच्या प्रवेशासाठी प्रत्येक विद्यापीठाला वेगळा अर्ज नको, एकच मध्यवर्ती अर्ज. त्याचीच पुढची आवृत्ती १९९३ ची यूकास. मग इंटरनेट आलं आणि टपालाचे आठवडे एका क्लिकवर आले.

वेग आला, पण कुणासाठी? कॅनडाचं बघा. २०१८ मध्ये त्यांनी भारतासह काही देशांच्या विद्यार्थ्यांसाठी एक जलद रांग काढली, स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम. बहुतेक अर्जांचा निकाल वीस दिवसांत. अट अशी की पहिल्या वर्षाची फी आधी भरा आणि वर दहा हजार कॅनेडियन डॉलर तिथल्या बँकेत ठेवा. म्हणजे पाच-सहा लाख रुपये नुसते दाखवायला. २०२४ च्या सुरुवातीला ती रक्कम वीस हजारांच्या वर गेली आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला ती रांगच बंद केली. ज्यांनी जमीन गहाण टाकून पैसे उभे केले होते, ते पुन्हा साध्या रांगेत. अमेरिकेनेही मे २०२५ च्या अखेरीस, ऐन हंगामात, विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं. जूनमध्ये सुरू केलं ते सोशल मीडिया खाती उघडी ठेवा, आम्ही तपासणार, असं सांगून. ली-वॉर्नरसाहेबांना हे फार आवडलं असतं.

त्यांची धोरणं आपल्या हातात नाहीत, मान्य. पण ट्रान्सक्रिप्ट कॅनडात छापत नाहीत ना?

आपल्याकडे अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे. ७५ जागा. योजना उत्तम आहे, तिच्यावर शिकून आलेली माणसं मी पाहिली आहेत. आमच्या गल्लीतली मुलगीही त्यात बसते. पण त्यासाठी विनाअट ऑफर लागते. विनाअट ऑफरसाठी ट्रान्सक्रिप्ट लागते. आणि ट्रान्सक्रिप्टसाठी साहेब ट्रेनिंगहून परत यावे लागतात. पुण्या-मुंबईची मुलं एजंटला पैसे देऊन हे काम उरकतात, एजंट खिडकीच्या आतला माणूस ओळखतो. तालुक्याचं पोरगं चलन घेऊन रांगेत. आनंदीबाईंना कार्पेंटरबाई भेटल्या, बाबासाहेबांना सयाजीराव आणि शाहू महाराज. दरवेळी असं कुणी भेटत नाही, म्हणून तर नियम आणि मुदती करायच्या असतात. उतारा किती दिवसांत मिळेल, हे त्या खिडकीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी मुद्दाम शोधलं.

मुलीचं काय झालं? उतारा पोचला, ऑफर विनाअट झाली. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी गेला, वडिलांनी स्वतः रात्रीच्या गाडीने पुण्याला नेऊन दिला. यादी अजून लागायची आहे.

मी यावर बातमी करतोय. तुमच्या घरात, ओळखीत कुणी गेल्या तीन वर्षांत ट्रान्सक्रिप्ट काढली असेल तर दोनच तारखा मेसेज करा, अर्ज केला ती आणि हातात मिळाली ती. पावतीचा फोटो असला तर उत्तम. नाव छापणार नाही. पन्नास जणांच्या तारखा जमल्या की तो तक्ता घेऊन मी त्याच खिडकीवर जाणार आहे.