मोटारसायकलीचा मूळ रंग

मोटारसायकलीचा एखादा भाग पुन्हा रंगविताना कारखान्यातील छटा जुळविणे, ही समस्या रंगलेपांच्या इतिहासाशी निगडित आहे. १९२३ मध्ये ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ हे लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले व वाहनांना विविध रंग देणे सुकर झाले. १९३० मध्ये ‘इंडियन’ कंपनीची सूत्रे ई. पॉल ड्यू पाँट यांच्याकडे गेली. त्यानंतर तिच्या तांबड्या मोटारसायकली अनेक रंगांत मिळू लागल्या. १९६९ च्या होंडा सीबी ७५० च्या ‘कँडी’ रंगांत धातूसारख्या चकाकत्या थरावर रंगीत पारदर्शक थर असे. हा थर जाड झाल्यास छटा गडद होते. उन्हानेही रंग विटतो. त्यामुळे केवळ रंगक्रमांक पुरेसा नसतो; बैठकीखाली झाकलेला, न विटलेला रंगच मूळ छटेचा पुरावा होय. तो खरवडल्यास पुन्हा मिळत नाही.