पाण्यात सूर कोणी मारायचा?

कळमन्याहून आम्ही बचत गटाच्या समन्वयक बोलतो आहोत. आज हप्ते, व्याज, पासबुक सगळं बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे ते सूर मारण्याबद्दल. हसू नका. ऑलिम्पिकमध्ये या सूर मारण्याला सुवर्णपदक मिळतं, आणि बायांना ते मिळवायला लागून शंभराहून जास्त वर्षं झाली.

सूर म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. उन्हाळा लागला की गावातले पोट्टे विहिरीवर जातात. कोणी मुटका मारतो, कोणी पाय जुळवून सरळ उडी टाकतो, आणि ज्याला खरंच येतं तो हात डोक्यावर जोडून सूर मारतो. पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकलेली माणसं आजही प्रत्येक गावात सापडतील. माणसं म्हणजे पुरुष माणसं. पोरी काय करत होत्या? बहुतेक पोरी काठावर भावाचे कपडे सांभाळत उभ्या होत्या. पाणी भरायचं आपण, धुणं धुवायचं आपण, दिवसातून चार वेळा पाण्याशी जायचं आपण, आणि पाण्यात उतरायचं मात्र भावानं. यात काहीतरी उलटं आहे असं आम्हाला नेहमी वाटतं. म्हणूनच हा इतिहास सांगायला घेतला.

आधी खेळ समजून घेऊ. याला डायव्हिंग म्हणतात. त्यात दोन मुख्य प्रकार. एक स्प्रिंगबोर्ड, म्हणजे लवचिक फळी. ती पाण्यापासून तीन मीटर उंच असते, तिच्यावर नाचून उसळी घ्यायची. दुसरा प्लॅटफॉर्म, म्हणजे न हलणारा पक्का कट्टा. तो दहा मीटर उंच. दहा मीटर म्हणजे तीन मजली घराची गच्ची समजा. तिथून उडी मारली की पाण्यापर्यंत पोचायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात तीन-साडेतीन कोलांट्या घ्यायच्या आणि हात-डोकं आधी घालून सुईसारखं पाण्यात शिरायचं. पाण्याला भिडताना वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. पाणी जितकं कमी उडेल तितके गुण जास्त. एक गंमत सांगतो. पाणी अगदी शांत असलं तर वरून पाण्याची पातळी कुठे आहे ते कळतच नाही, म्हणून स्पर्धेत पाण्यावर मुद्दाम फवारा सोडून बारीक लाटा उठवतात.

गुणांचा हिशेब वही लिहिणाऱ्या बायांना लगेच समजेल. सात पंच असतात. प्रत्येक जण दहापैकी गुण देतो. सगळ्यात वरचे दोन आणि सगळ्यात खालचे दोन गुण खोडतात. उरलेल्या तिघांची बेरीज करून तिला त्या उडीच्या कठीणपणाच्या आकड्यानं गुणतात. तिघांनी दहा-दहा दिले, उडीचा आकडा ३.२ असला, तर ३० गुणिले ३.२, झाले ९६. वरचे-खालचे आकडे खोडल्यामुळे एखाद्या पंचानं आपल्या माणसाला झुकतं माप दिलं तरी फार उपयोग होत नाही. आमच्या मते ही पद्धत बऱ्याच निवडींना लावण्यासारखी आहे.

आता बायांकडे येऊ. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची डायव्हिंग १९०४ साली सुरू झाली. बायांना १९१२ मध्ये, स्वीडनमधल्या स्टॉकहोमला, पहिल्यांदा घेतलं. पहिलं सुवर्ण स्वीडनच्याच ग्रेटा योहान्सनला मिळालं. पण अट अशी की बायांनी कट्ट्यावरून साधी सरळ उडी मारायची. कोलांट्या आणि गिरक्या पुरुषांसाठी राखीव. बाईचं शरीर नाजूक, तिला झेपणार नाही, असं त्या वेळचे साहेब लोक म्हणत. अमेरिकेनं तर १९१२ ला पोहण्याच्या आणि सूर मारण्याच्या स्पर्धेला आपल्या बाया पाठवल्याच नाहीत. लांब घागऱ्याशिवाय बाईनं लोकांसमोर येणं तिथल्या क्रीडा अधिकाऱ्यांना चालत नव्हतं. म्हणजे ‘चार लोक काय म्हणतील’ हे फक्त आपल्याच गावात नाही.

आठ वर्षांनी, १९२० मध्ये, बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिम्पिक झालं. तिथे पहिल्यांदा बायांसाठी तीन मीटरची फळी आली. अमेरिकेची आयलीन रिगिन तेव्हा अवघी चौदा वर्षांची, अंगानं बारीक. आणि स्पर्धेची जागा कुठली? फरशा लावलेला तलाव नव्हे, एक खंदक! काळं, बर्फासारखं गार पाणी, तळ दिसत नाही. खालच्या गाळात रुतून बसू की काय, याची भीती वाटत होती, असं तिनं पुढे सांगितलं. ती खंदकात उतरली आणि सुवर्ण घेऊन वर आली. विहिरीत पोहलेल्या बाईला ही भीती बरोबर समजेल.

यापुढची गोष्ट कपड्यांची नाही, पाण्याची आहे. इथे थोडं थांबावं लागेल.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक झालं. अमेरिकेच्या व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्हज या बाईनं फळी आणि कट्टा, दोन्हीकडे सुवर्ण मिळवलं. एकाच ऑलिम्पिकमध्ये ही दोन्ही सुवर्णं जिंकणारी ती पहिलीच बाई. तिचे वडील फिलिपिन्सचे, आई इंग्लंडची, आणि ती वाढली सॅन फ्रान्सिस्कोत. फिलिपिनो आडनाव असलेल्या पोरीला तिथल्या क्लबात प्रवेश नव्हता. मग वडिलांचं आडनाव सोडून आईचं माहेरचं ‘टेलर’ हे आडनाव लावायला तिला सांगण्यात आलं. सार्वजनिक तलावात गोऱ्या नसलेल्यांना ठरावीक दिवशीच पोहता यायचं, आणि ते पोहून गेले की तलावाचं पाणी काढून टाकायचे.

त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या कट्ट्यावर सुवर्ण मिळवलं सॅमी ली यांनी. त्यांचे आई-वडील कोरियातून आलेले. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाच्या तलावात त्यांना आठवड्यातून एकच दिवस मुभा होती, तीही पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशी. बाकी दिवस काय करायचं? त्यांच्या प्रशिक्षकानं अंगणात खड्डा खणून वाळू भरली. सॅमी ली वाळूत उड्या मारून शिकले. चार वर्षांनी, १९५२ ला, त्यांनी पुन्हा सुवर्ण जिंकलं.

मैत्रिणींनो, तुम्हाला काही आठवलं का? आम्हाला महाड आठवलं. मुंबईच्या कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं होतं. पण पाण्याला हात लावायला कोणी देत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी काय केलं? एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. तिकडे तलावातलं पाणी काढून टाकत होते, इकडे तळ्यात पंचगव्य ओतत होते. दोन देश, दोन धर्म, आणि विटाळाची कल्पना एकच. खटला पुढे दहा वर्षं चालला. १९३७ मध्ये उच्च न्यायालयानं निकाल दिला तेव्हा तळ्यावरचा हक्क कायद्यानं पक्का झाला. आपल्या नागपुरातल्या घराघरांत ही गोष्ट माहीत आहे. पण तिची बहीण पॅसाडिनात होती, हे आम्हालाही हा विषय वाचताना पहिल्यांदा कळलं.

आता आपल्या देशात येऊ. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. डायव्हिंगमध्ये फळी आणि कट्टा, दोन्ही सुवर्णं भारताच्या के. पी. ठक्कर यांनी जिंकली. किती जणांना हे नाव ठाऊक आहे? आमच्या बैठकीत एकालाही नव्हतं. पण त्या स्पर्धेत बायांना फक्त धावण्या-फेकण्याच्या मैदानी खेळांत जागा होती. मुंबईच्या रोशन मिस्त्री शंभर मीटर धावण्यात रौप्य घेऊन गेल्या. पाण्यात मात्र बाईला प्रवेशच नव्हता, मग पदक कुठून येणार? पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला भारताच्या दोन मुली पोहायला उतरल्या, बंगालची आरती साहा आणि मुंबईची डॉली नाझीर. ज्या ऑलिम्पिकमधून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीचं कांस्य घेऊन आले, तेच हे ऑलिम्पिक. खाशाबांची बैलगाड्यांची मिरवणूक आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या दोघी पोरी पोहल्या, एवढं तरी लक्षात ठेवू.

ठक्करांनंतर आशियाई स्पर्धेत डायव्हिंगचं सुवर्ण भारतात परत आलेलं नाही. १९७४ मध्ये चीन या स्पर्धेत आला आणि डायव्हिंगवर त्यानं असा कब्जा केला की अजून सोडलेला नाही.

चीनचंच उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या कळमन्याच्या बाजाराशी जुळतं. छुआन हाँगचान नावाची पोर. दक्षिण चीनमधल्या एका खेड्यातली, पाच भावंडांतली. वडील संत्र्याची शेती करणारे. आपल्या मंडीत आंबिया-मृगाच्या बहराला संत्र्याच्या गाड्या लागतात, त्या गाड्यांमागे जसं घर असतं तसंच घर. शाळेच्या आवारात चौकोन आखून लंगडीचा खेळ चालला होता. तिच्या पायातली उसळी एका प्रशिक्षकानं पाहिली आणि सातव्या वर्षी तिला क्रीडाशाळेत नेलं. २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकला ती चौदा वर्षांची होती. दहा मीटरच्या कट्ट्यावरून पाच उड्या, त्यांपैकी दोन उड्यांना सातही पंचांनी दहापैकी दहा दिले. मघाशी जो ९६ चा हिशेब केला तो तिच्याच एका उडीचा. एकूण गुण ४६६.२०. पत्रकारांनी विचारलं तर म्हणाली, आई आजारी आहे, तिच्या उपचाराला पैसे कमवायचे आहेत. २०२४ ला पॅरिसमध्ये तिनं पुन्हा सुवर्ण जिंकलं.

ऐकायला छान वाटतं. पण आमच्या मनात एक शंका आहे, ती बोलून दाखवतो. सात वर्षांची पोर घरापासून दूर राहून रोज शेकडो उड्या मारते, आणि चौदाव्या वर्षी आईच्या दवाखान्याचा खर्च तिच्या डोक्यावर असतो. हे कौतुक करण्यासारखं आहे की काळजी करण्यासारखं? आमच्या गटात यावर दोन मतं पडली. एक ताई म्हणाल्या, आपल्या पोरी त्याच वयात कापूस वेचतात, त्यापेक्षा बरं. दुसऱ्या म्हणाल्या, दोन्ही वाईट. आम्ही दुसऱ्या ताईंच्या बाजूनं आहोत.

म्हणून आम्हाला सोलापूरची ऋतिका श्रीराम जास्त जवळची वाटते. सोलापूर म्हणजे चादरींचं, गिरण्यांचं, पाण्याची ओढ असलेलं शहर. तिथून डायव्हिंगच्या मुली निघतात हे ऐकून आधी खरं वाटेना. ऋतिका लग्न झाल्यावर, आई झाल्यावर पुन्हा फळीवर चढली आणि २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्रासाठी सुवर्ण घेऊन आली. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू, कंबर, झोप सगळं कसं होतं हे आपण जाणतो. त्यावर हवेत कोलांट्या! ईशा वाघमोडे हीसुद्धा सोलापूरचीच. एका शहरातून अशा दोन मुली येतात, कारण तिथे खोल पाण्याचा तलाव, उंच फळी आणि शिकवणारा माणूस एका जागी असतो. हिंमत तर सगळीकडेच आहे. आजकाल गावोगावी नवे तलाव होतात ते चार-पाच फूट खोल. दहा मीटरच्या कट्ट्याखाली पाच मीटरच्या आसपास खोल पाणी लागतं. उथळ तलावातून डायव्हर कसा निघणार?

यावरूनच एक कळकळीची गोष्ट. हे ऐकून कोणी पोराला किंवा पोरीला विहिरीत, बंधाऱ्यात, खाणीच्या खड्ड्यात डोक्यावर उडी मारू देऊ नका. खाली दगड असला, पाणी कमी असलं, तर मान मोडते आणि माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो. आधी पोहणं, मग सूर. आधी पायावर उतरून खोली बघायची. आणि पोहणं मात्र पोरींना शिकवाच. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडलं, एका रात्रीत नागनदीच्या काठावरच्या घरांत पाणी शिरलं, ते आपण पाहिलं आहे. तेव्हा कोणाला पोहता येतं आणि कोणाला नाही हा प्रश्न खेळाचा राहिला नव्हता.

बायांनी शिकायचं म्हटलं की तीन अडचणी समोर येतात: कपडे, वेळ आणि लाज. कपड्यांचं सोपं आहे, अंगभर पोहण्याचा पोशाख आता बाजारात मिळतो. साडी नेसून मात्र पाण्यात उतरायचं नाही, ती पायात अडकते. वेळेसाठी तलावावर बायांची वेगळी पाळी मागायची. गटाच्या लेटरहेडवर अर्ज लिहून पंधरा-वीस सह्या जोडल्या तर कोणीही सरळ नाही म्हणत नाही. लाजेवर आमच्याकडे उपाय नाही. पण वीस जणी एकदम उतरल्या तर ती वाटून कमी होते, कर्जाच्या हमीसारखी.

आता तुमच्याकडून एक हवं आहे. तुमच्या गावात, तुमच्या आजी-मावशींमध्ये, विहिरीत पोहायला शिकलेली एखादी बाई नक्की असेल. तिला कोणी शिकवलं, पाठीला काय बांधलं होतं, लग्नानंतर पोहणं सुटलं की चालू राहिलं, हे तिच्याच तोंडून विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा, नाहीतर गटाच्या बैठकीत सांगा. लिहिता येत नसेल तर आम्ही आवाज ध्वनिमुद्रित करून घेऊ. पुढच्या महिन्याचा कार्यक्रम त्यांच्याच गोष्टींचा करायचा आहे.