धातू आरपार दिसू शकतो का? वाकणाऱ्या स्क्रीनमागचं जाळीचं विज्ञान

तुम्ही हा लेख मोबाईलवर वाचत असाल, तर तुमचं बोट आत्ता काचेवरून फिरत असेल. त्या काचेखाली वीज वाहून नेणारा एक थर असतो. बोट नेमकं कुठे टेकलं, हे फोनला या थरामुळे कळतं. तरीही तो थर तुम्हाला दिसत नाही, कारण स्क्रीनचा प्रकाश त्याच्या आरपार येतो. याला म्हणतात पारदर्शक इलेक्ट्रोड.

सपाट काचेवर हे काम अनेक वर्षं व्यवस्थित चाललं आहे. पण फोन घडी घालायचा असेल, सोलर सेल कापडासारखा गुंडाळायचा असेल, तर हाच थर सगळ्यात आधी दगा देतो. म्हणून जगभरातले संशोधक एका जुन्या मित्राकडे वळलेत. तो म्हणजे धातू.

मुळात अडचण काय आहे?

धातूमधून वीज वाहते ती त्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉन्समुळे. हेच इलेक्ट्रॉन्स अंगावर पडलेला प्रकाश परत फेकतात, म्हणून धातू चकाकतो आणि त्याच्या पलीकडचं दिसत नाही. काचेचं उलटं आहे. तिच्यात मोकळे इलेक्ट्रॉन्स जवळपास नसतात, म्हणून प्रकाश आरपार जातो, पण वीज जात नाही. आपल्याला मात्र एकाच थरात दोन्ही हवंय.

असं होऊ शकतं हे १९०७ मध्ये जर्मनीच्या कार्ल बेडेकर यांनी दाखवलं. त्यांनी कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवला. त्याचं ऑक्साइड झालं, थर पारदर्शक झाला आणि तरीही त्यातून वीज वाहत राहिली.

सध्या काय वापरतात?

आज या कामाचा राजा आहे आयटीओ, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड. यात वजनाने साधारण ९० टक्के इंडियम ऑक्साइड आणि १० टक्के टिन ऑक्साइड असतं.

इंडियमचा शोध १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथे लागला. त्याच्या वर्णपटात गडद निळी, म्हणजे इंडिगो रंगाची रेघ दिसली, त्यावरून हे नाव पडलं. आणि इंडिगो हा शब्द मूळचा 'भारतातली नीळ' या अर्थाचा. म्हणजे या धातूच्या नावात आपला देश आहे!

पण इंडियमची मुख्य खाण अशी नसते. जस्त काढताना ते जोडीला मिळतं. त्यामुळे मागणी वाढली म्हणून उत्पादन लगेच वाढवता येत नाही. सर्वात मोठा उत्पादक चीन आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने इंडियमच्या काही संयुगांच्या निर्यातीवर नियंत्रणं आणली.

वाकवलं की काय बिघडतं?

आयटीओ हा सिरॅमिक पदार्थ आहे. चिनीमातीच्या कपासारखा कडक, पण ठिसूळ. साधारण २ ते ३ टक्के ताणलं की त्याला तडे जातात.

एक सोपं गणित करू. ५० मायक्रॉन जाडीची प्लॅस्टिक शीट १ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे अडीच टक्के ताणला जातो. म्हणजे घट्ट घडी घातली की आयटीओ थेट तुटण्याच्या सीमेवर. धातूचं तसं नाही. तो वाकतो, ताणला जातो आणि लगेच तुटत नाही.

मग धातू पारदर्शक कसा करतात?

यासाठी मुख्यतः तीन रस्ते आहेत.

पहिला, अतिशय पातळ थर. सोन्याचा थर काही नॅनोमीटरपर्यंत पातळ केला की त्यातून पलीकडचं दिसू लागतं. अंतराळवीरांच्या हेल्मेटच्या काचेवर असाच सोन्याचा मुलामा असतो. पण थर जितका पातळ, तितकी वीज वाहणं अवघड.

दुसरा, नॅनोवायर. म्हणजे केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक चांदीच्या तारा. २००२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात यूनान शिया यांच्या गटाने सिल्व्हर नायट्रेटपासून अशा तारा रासायनिक पद्धतीने बनवून दाखवल्या. त्या द्रवात मिसळून शाईसारख्या शीटवर पसरता येतात. तारा एकमेकींवर आडव्या-तिडव्या पडतात आणि वीज एकीवरून दुसरीवर जाते.

तिसरा, धातूची जाळी. छतावरच्या सोलर पॅनेलवर चंदेरी रेघा पाहिल्या असतील. कल्पना तीच, फक्त रेघा डोळ्यांना न दिसणाऱ्या. समजा, रेघ ५ मायक्रॉन रुंद आहे आणि दोन रेघांमध्ये २०० मायक्रॉन अंतर आहे. अशा चौकोनी जाळीत धातू फक्त ५ टक्के जागा अडवतो. उरलेल्या ९५ टक्के जागेतून प्रकाश सरळ जातो. वीज आणखी सहज वाहायला हवी असेल, तर रेघ रुंद करण्याऐवजी तिची उंची वाढवायची. प्रकाश फारसा अडत नाही आणि विजेला वाट मिळते.

बेंगळुरूची भेगांची युक्ती

इतक्या बारीक रेघा छापायला महागडी यंत्रं लागतात. इथे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्चमधल्या प्रा. गिरिधर कुलकर्णी यांच्या गटाचं काम महत्त्वाचं ठरतं.

दुष्काळाच्या बातम्यांमध्ये तळ्याचा भेगाळलेला तळ तुम्ही पाहिला असेल. चिखल सुकताना आकसतो, पण खालून जमिनीला चिकटलेला असतो. तो ताण सहन झाला नाही की भेगा पडतात. या गटाने तेच मुद्दाम घडवलं:

- शीटवर एका पॉलिमरचा पातळ थर द्यायचा.
- तो सुकला की त्याला आपोआप बारीक भेगा पडतात. थराची जाडी बदलून भेगांची रुंदी आणि अंतर बदलता येतं.
- वरून धातूचा थर चढवायचा. तो भेगांमध्येही उतरतो.
- मग पॉलिमर धुऊन टाकायचा. भेगांच्या जागी उरते धातूची जाळी.

भेगा एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून जाळीही अखंड मिळते. नॅनोवायरमध्ये दोन तारांच्या सांध्यावर वीज अडखळते. इथे तसा सांधाच नाही. शिवाय पॉलिमर फवारता येतो, त्यामुळे वक्र काचेवरही हे जमतं. अशा जाळीत वीज सोडली की ती तापते. म्हणजे काचेवरचं धुकं किंवा बर्फ घालवणारा पारदर्शक हीटर तयार.

मग अडचणी संपल्या का?

नाही. चांदीचे पैंजण काळे पडतात तशी चांदीची जाळीही हवेतल्या गंधकामुळे खराब होते. तांबं स्वस्त आहे, पण त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. म्हणून वरून संरक्षक थर द्यावा लागतो. जाळीच्या रेघा वर आलेल्या असल्या, तर ओएलईडीच्या अतिपातळ थरांमध्ये शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

आणखी एक गंमत. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की लाटांसारखी नक्षी दिसते. जाळी आणि स्क्रीनच्या पिक्सेल्समध्येही तसंच होतं. भेगांची जाळी वेडीवाकडी असल्यामुळे तिथे हा त्रास कमी.

थोडक्यात

सपाट काचेवर आयटीओ लगेच जाणार नाही. ते तयार करण्याचं तंत्र पक्कं बसलेलं आहे. पण वाकणाऱ्या उपकरणांसाठी त्याची मर्यादा पदार्थातच आहे, ती कारखाना सुधारून जात नाही. धातूची मर्यादा मात्र बरीचशी मांडणीची आहे: रेघ कुठे ठेवायची आणि मोकळी जागा किती सोडायची. मांडणी बदलणं आपल्या हातात असतं.