शेरीफ, निर्वाचित (अमेरिका)

अमेरिकेतील काउंटीचा, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याचा, मतदारांनी थेट निवडून दिलेला प्रमुख पोलीस अधिकारी. देशात असे सुमारे ३,००० शेरीफ असून त्यांची मुदत बहुतेक राज्यांत ४ वर्षांची, तर मॅसॅच्युसेट्समध्ये ६ वर्षांची असते. मुंबईचे शेरीफपद (नगरपाल) वर्षभरापुरते, नियुक्तीचे आणि केवळ मानाचे आहे. अमेरिकी शेरीफच्या हाती मात्र गस्त, अटक, तपास, न्यायालयाचे हुकूम बजावणे आणि बहुतेक ठिकाणी काउंटीचा तुरुंगही असतो. अनेक राज्यांच्या घटनांतच या पदाची तरतूद असल्याने काउंटीचे मंडळ त्याचा अर्थसंकल्प मंजूर करते, पण त्याला हुकूम देऊ शकत नाही आणि सहसा काढूनही टाकू शकत नाही. शहराच्या पोलीसप्रमुखाला महापौर किंवा नगर प्रशासन बदलू शकते. शेरीफला जाब विचारणारा मुख्यतः मतदारच. एवढ्या मोठ्या अधिकारावर हा एकच अंकुश पुरेसा नाही, असे गेल्या काही दशकांचा अनुभव सांगतो.

या व्यवस्थेची उणीव तुरुंगात सर्वांत ठळक दिसते. अलाबामात १९३९ च्या कायद्याचा आधार घेऊन कैद्यांच्या जेवणासाठी मिळालेल्या रकमेतून उरलेले पैसे शेरीफ स्वतःकडे ठेवत. राज्य दर कैद्यामागे दिवसाला १.७५ डॉलर देई. ताटात जितके कमी, तितके शेरीफच्या खिशात जास्त. मॉर्गन काउंटीच्या शेरीफने ३ वर्षांत २ लाखांहून अधिक डॉलर असे मिळवले. स्वस्तात हाती लागलेले मक्याच्या पिठात तळलेले सॉसेज कैद्यांना कित्येक आठवडे खाऊ घातले गेले. २००९ मध्ये हे प्रकरण संघीय न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायाधीशांनी त्यालाच कोठडीत धाडले. कायदा मात्र २०१९ मध्ये बदलला. काउंटीच्या तुरुंगातले बहुसंख्य लोक कच्चे कैदी असतात. त्यांना मताचा हक्क असला तरी आतून तो बजावणे अवघड, आणि बाहेरच्या मतदाराला त्यांच्या ताटाशी देणेघेणे नसते. ज्यांच्यावर अधिकार सर्वाधिक चालतो, त्यांचेच मत सर्वांत दुबळे ठरते.

यावर आक्षेप असा की नको असलेल्या शेरीफला मतदार घरी बसवतातच. ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीत शेरीफ जो अर्पायो २०१६ मध्ये हरले, हे खरे. पण त्याआधी ते सलग ६ वेळा निवडून आले होते. त्यांचे पोलीस लॅटिनो वाहनचालकांना वंशावरून अडवतात, असा निकाल संघीय न्यायालयाने २०१३ मध्ये दिला होता. न्यायालयाचा आदेश धुडकावल्याबद्दल २०१७ मध्ये ते दोषी ठरले आणि महिन्याभरातच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. न्यायालयाने लादलेल्या सुधारणांचा कोट्यवधी डॉलरचा खर्च मात्र करदात्यांच्या माथी बसला. न्यायालयाची वाटही दरवेळी मोकळी नसते: १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले, की अलाबामाचा शेरीफ कायदा राबवताना राज्याचा प्रतिनिधी असतो. त्यामुळे खुनाच्या खोट्या आरोपात ६ वर्षे मृत्युदंडाच्या कोठडीत काढलेल्या वॉल्टर मॅकमिलियन यांना शेरीफच्या कृत्याबद्दल काउंटीकडून भरपाई मागता आली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेरीफला हटवण्याचा अधिकार मंडळाला दिला, तर स्थानिक पुढारी त्याला मुठीत ठेवतील आणि पुढाऱ्यांच्याच भ्रष्टाचाराचा तपास कोण करील? म्हणूनच हटवण्याची अट कठीण हवी. तो अधिकारच नसावा, असे मात्र यातून निघत नाही. लॉस अँजेलिस काउंटीचे माजी शेरीफ ली बाका तुरुंगातील मारहाणीच्या तपासात अडथळा आणल्याबद्दल २०१७ मध्ये दोषी ठरले. त्याच काउंटीच्या मतदारांनी २०२२ मध्ये तत्कालीन शेरीफ अलेक्स व्हिलान्युएव्हा यांना पाडले आणि सबळ कारण असल्यास काउंटी मंडळाच्या पाचपैकी चार पर्यवेक्षकांच्या मतांनी शेरीफला हटवता येईल, अशी दुरुस्तीही मंजूर केली. शेरीफ निवडण्याचा हक्क आपल्याकडेच ठेवून दोन निवडणुकांच्या मधल्या काळाची सोय मतदारांनी स्वतःच करून घेतली. चौकशी, सुनावणी आणि मोठे बहुमत या अटी पाळल्या, तर असा अंकुश लोकमताच्या विरोधात जात नाही.