कल्याणची आनंदी आणि बार्शीच्या भगिनी

भगिनींनो, स्मरणिकेसाठी स्त्रियांच्या आरोग्याविषयी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला प्रथम आमच्या थोरल्या जाऊबाई आठवल्या. त्या अंबरनाथला राहत, आम्ही बदलापूरला. पाळी जाऊन सहा वर्षे झाल्यावर त्यांच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागले. ही गोष्ट त्यांनी फक्त माझ्या कानावर घातली, आणि शिकलेली म्हणवणारी मी म्हणाले, "वयाचे असेल हो, वहिनी." पुढे तपासणी झाली तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हाताबाहेर गेला होता. तेव्हापासून या विषयावर जे हाती येईल ते मी वाचीत आले आहे. त्यातील थोडा इतिहास आपणांपुढे ठेवते.

या इतिहासाचे एक पान आपल्या अगदी शेजारचे आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणचा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचे मनात घेतले. १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळविताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षे पुरी होण्याआधी, क्षयाने त्यांचा अंत झाला. आपल्या भगिनींवर उपचार करण्याचे त्यांच्या मनातच राहिले.

पुढे १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९२७ पासून आपल्या अखेरीपर्यंत, १९५३ पर्यंत, चालविले. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. या साऱ्यात पत्नी मालतीबाईंची साथ त्यांना होती. ज्या विषयाचा उच्चारही पाप समजला जाई, तो छापून घरोघर पाठविणे हे लहान काम नव्हते.

परंतु मला सर्वांत जवळची वाटते ती बार्शीची हकीगत. १९९९ साली बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक मोठा अभ्यास आरंभिला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट करून ते चार प्रकारांत विभागले. एकात मुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून पांढरा डाग दिसतो का ते पाहिले. दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन तपासल्या. तिसऱ्यात एचपीव्ही या विषाणूची चाचणी केली. चौथ्या प्रकारातील ३१,४८८ स्त्रियांना नेहमीचीच सेवा मिळाली.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूच्या एका चाचणीसाठी निवडलेल्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. चौथ्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! मात्र चौथ्या गटाला तपासणीवाचून ठेवणे योग्य होते काय, असा प्रश्न जाणकारांनी विचारला, आणि तो मलाही सलतो. आमच्या जाऊबाई तर कोणत्याच यादीत नव्हत्या.

लशीची कथाही अशीच विलक्षण आहे. मुलींना दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी २००९ साली पुणे, बार्शी व देशातील इतर ठिकाणी अभ्यास सुरू झाला. दुसऱ्या एका लसप्रकल्पावरून वादळ उठल्याने २०१० मध्ये सरकारने अशा अभ्यासांतील लसीकरण थांबविले. त्यामुळे जवळजवळ पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा मागोवा सोडला नाही, आणि एका मात्रेनेही मुख्य दोन विषाणूंपासून उत्तम संरक्षण मिळते असे दिसून आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. पुण्यात सिरमने तयार केलेली लसही २०२३ मध्ये आली.

अंडाशयाच्या गाठींबाबत मात्र शास्त्राला असे यश आलेले नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात सुमारे निम्म्या जणींची रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी वर्षानुवर्षे झाली. २०२१ साली कळले की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून पोट सतत फुगणे, दोन घासांत भरल्यासारखे वाटणे, वरचेवर लघवीला लागणे, हे काही आठवडे चालले तर "गॅस असेल" म्हणून सोडू नये.

आपल्या मंडळात उल्हासनगरच्या सिंधी भगिनी आहेत, अंबरनाथ-बदलापूरच्या आहेत. भाषा निराळ्या, पण या दुखण्याविषयीचा संकोच सारखाच. बार्शीकडच्या बहुतेक शेतकरी घरांतल्या त्या बायकांनी तो बाजूला ठेवला, म्हणून आज जगाला ही माहिती मिळाली. यंदाच्या हळदीकुंकवाला वाण देताना शेजारणीला एवढेच विचारू या: "तपासणी केलीत का?" आणि कोणी हळूच काही सांगू लागली, तर मी जे म्हणाले ते आपण म्हणू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.