आदेश कोणाचा? युबरलिंगेनची विमान दुर्घटना (२००२) आणि मानव-यंत्र संवादाचा प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘सहकारी’ मानण्याची चर्चा अलीकडची आहे. मात्र यंत्राने आदेश द्यावा आणि माणसाने तो क्षणार्धात पाळावा, ही व्यवस्था विमान वाहतुकीत त्यापूर्वीच रूढ झाली होती. ‘टीकॅस’ ही टक्करप्रतिबंधक प्रणाली स्वतः शिकणारी नव्हे. तथापि माणूस व यंत्र यांच्यातील संवादाचा प्रश्न तिच्या इतिहासात विशेष स्पष्ट दिसतो.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारताने ही प्रणाली अनिवार्य केली. परंतु यंत्र आणि जमिनीवरील नियंत्रक यांचे आदेश परस्परविरोधी असल्यास वैमानिकाने कोणाचे ऐकावे, याविषयी आंतरराष्ट्रीय नियम संदिग्धच राहिले. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये अशाच विसंगतीतून दोन प्रवासी विमाने थोडक्यात बचावली. मृत्यू कोणाचाच झाला नाही. बहुधा म्हणूनच धडा लांबणीवर पडला.

१ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीतील युबरलिंगेनजवळ रशियन तुपोलेव्ह-१५४ आणि मालवाहू बोईंग-७५७ ही विमाने ३६,००० फुटांवर एकमेकांच्या मार्गात आली. झुरिचच्या केंद्रात एकटाच नियंत्रक काम पाहत होता. सहकारी विश्रांतीस गेलेला, मुख्य दूरध्वनी यंत्रणा देखभालीसाठी बंद. त्याने तुपोलेव्हला खाली उतरण्यास सांगितले. काही सेकंदांतच टीकॅसने तुपोलेव्हला वर आणि बोईंगला खाली जाण्याचा आदेश दिला. यंत्र वर जाण्यास सांगत आहे, हे तुपोलेव्हच्या सहवैमानिकाने बोलूनही दाखविले. पण नियंत्रकाची सूचना पुन्हा आली आणि तीच प्रमाण मानली गेली. दोन्ही विमाने खाली येत राहिली. ७१ जणांचा अंत झाला; त्यांत बहुसंख्य मुले होती.

वैमानिकांनी यंत्रावर विश्वास ठेवला नाही, असे म्हणणे सोपे पण अपुरे आहे. दोन्ही विमानांतील यंत्रांनी परस्परांशी समन्वय साधून निर्णय घेतला होता. नियंत्रकाला मात्र त्याची वार्ताच नव्हती. २००४ च्या जर्मन चौकशी अहवालाने नियमांतील विसंगतीवरही बोट ठेवले. तत्पूर्वी, नोव्हेंबर २००३ मध्ये, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अशा प्रसंगी यंत्राचाच आदेश पाळावा असे स्पष्ट केले होते. पुढे यंत्राची भाषाही बदलली. ‘ॲडजस्ट व्हर्टिकल स्पीड’ या शब्दांचा काही वैमानिक उलटा अर्थ घेत; म्हणून ७.१ या आवृत्तीत ‘लेव्हल ऑफ’ असा सुटसुटीत आदेश आला. नियंत्रकाला यंत्राचा आदेश कळतो तो मात्र अद्यापही मुख्यत्वे वैमानिकाच्या तोंडूनच.