नाशिकच्या पूर्वेचे माळरान : काळवीट, पाणपक्षी आणि यादवकालीन शिल्पे

नाशिक जिल्ह्यातील पर्यटन म्हटले की त्र्यंबकेश्वर, पंचवटी, सप्तशृंगगड आणि अलीकडे द्राक्षमद्याच्या वायनरी एवढीच नावे पुढे येतात. पर्यटकांची पावले पश्चिमेकडे वळतात ती पावसाच्या ओढीने. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेच्या येवल्यात सुमारे ५००. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख उजाड समजला जातो. वस्तुतः तो गवताळ प्रदेश आहे, आणि गवताळ प्रदेश म्हणजे पडीक जमीन नव्हे.

याची प्रचिती येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूर परिसरात येते. २०१४ मध्ये येथील सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र काळविटांसाठी संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. पीळदार शिंगांचा, वयानुसार गडद होत जाणारा नर आणि फिकट तपकिरी माद्यांचा कळप सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर सहज दृष्टीस पडतो. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला दाट झाडी नको असते. दूरवर नजर जाईल असे मोकळे रान हेच त्याचे संरक्षण. त्यामुळे माळावर झाडे लावून तो ‘हिरवा’ करण्याची हौस या प्राण्याच्या मुळावर येऊ शकते, हे वृक्षप्रेमींनाही पटायला वेळ लागतो. उन्हाळ्यात पाणवठे आटले की कळप पाण्याच्या शोधात शिवारात शिरतात. कठडे नसलेल्या विहिरी, मोकाट कुत्री आणि भरधाव वाहने हे त्यांचे खरे शत्रू. पिकांची नासाडी सोसणाऱ्या शेतकऱ्याची बाजूही येथे विसरता येत नाही. संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींना स्थान देण्याची कायद्यातील तरतूद त्यासाठीच महत्त्वाची ठरते.

येवल्याहून मनमाडकडे जाताना अंकाई-टंकाई ही जोडकिल्ल्यांची जोडी लक्ष वेधते. पायथ्याशी जैन लेणी असून त्यातील काही दुमजली आहेत; द्वारांवरील कोरीवकाम निवांत पाहावे असे आहे. अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान असल्याने भाविकांची ये-जा असते. खुद्द येवल्यात पैठणीचे माग पाहता येतात. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावी. तेथील मुक्तिभूमीला भेट दिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी येथे बंधारा बांधला गेला. पुढे त्यात गाळ साचत गेला, उथळ पाणी व दलदल तयार झाली आणि जलसिंचनाच्या दृष्टीने जे नुकसान होते तेच पक्ष्यांना वरदान ठरले! १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला; जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात चक्रवाक, चमचा, क्रौंच आणि नाना जातींची बदके येथे उतरतात. चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोरे आहेत.

सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर नाशिकपासून अवघ्या ३० किलोमीटरवर आहे. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी. काळ्या पाषाणातील हे भूमिज शैलीचे शिवपंचायतन असून मुख्य मंदिराभोवती विष्णू, सूर्य, गणेश व पार्वती यांची छोटी देवालये आहेत. एवढे अखंड पंचायतन राज्यात क्वचितच उरले आहे, तरी शिर्डीला जाणारी बहुसंख्य वाहने न थांबता निघून जातात.

माळरानासाठी पावसाळ्यानंतरचे दिवस उत्तम. स्वतःचे वाहन असल्यास सोयीचे. पिण्याचे पाणी व दुर्बीण सोबत ठेवावी, कपडे मातकट रंगाचे असावेत आणि ममदापुरात कळपामागे गाडी हाकू नये. माद्यांसोबत पाडसे असतील तर दुरूनच पाहून परतावे.